झिरकोनियाचे ९,००० घेतले, बसवली धातूची टोपी

तालुक्याच्या गावी दाढेचं काम करून घेणार असाल तर आधी हे वाचा. रूट कॅनलचे ४,५००, झिरकोनियाच्या, म्हणजे दातासारख्या पांढऱ्या सिरॅमिकच्या टोपीचे ९,०००, एक्स-रेचे ३००. एकूण १३,८०० रुपये, सगळे रोख, कापसाच्या चुकाऱ्यातले. बिल म्हणून हाती आली ती औषधाच्या चिठ्ठीमागे मारलेली बेरीज. रोख देऊ नका. फोनवरून पैसे पाठवले तर निदान नोंद राहते.

काम होतं खालच्या पहिल्या मोठ्या दाढेचं. या दाढेला दोन मुळं आणि बहुतेक वेळा तीन नळ्या असतात, कधी चार. प्रत्येक नळीची लांबी मोजायची, बारीक फाइलने ती साफ करायची, औषधाने धुवायची आणि मग टोकापर्यंत भरायची. भरल्यावर एक्स-रे काढावाच लागतो, कारण नळी भरली की नाही हे वरून दिसत नाही. इथे एक्स-रे निघाला एकच, सुरुवातीचा, आणि २५ मिनिटांत दाढ बंद. बोर्डावर ज्या डॉक्टरांचं नाव आहे ते फक्त रविवारी येतात, दाढेत हात घालणारा त्यांचा मदतनीस होता, हेही नंतर कळलं. बोर्डावरचं नाव आणि खुर्चीपाशी उभा असलेला माणूस एकच आहे का, हे तोंड उघडण्याआधी विचारा.

आणि तो क्षण! टोपीला आतून सिमेंट लावताना त्याने ती बोटांत धरली होती, दिव्याच्या झोतात, डोळ्यांसमोर. आतली बाजू करडी होती, स्टीलच्या वाटीसारखी चकाकणारी. झिरकोनिया आतबाहेर पांढरा असतो. आतून करडी दिसते ती धातूवर सिरॅमिक चढवलेली टोपी. दिसलं होतं, अगदी स्पष्ट दिसलं होतं. पण गालात कापूस कोंबलेला, जबडा ताणलेला, बोलणार कसं? शिवाय ठणका थांबून आठवडा झाला होता. ज्याने झोप परत दिली त्याच्यावर कोण संशय घेतो? वॉरंटी कार्ड मागितलं होतं, तर ‘लॅबमधून येईल’ म्हणाला. आलं नाही. कार्ड हातात पडल्याशिवाय टोपी चिकटवू देऊ नका, आणि चिकटवण्याआधी ती उलटी करून बघा. त्याच दवाखान्यात धातूची टोपी ३,५०० ला होती. म्हणजे ५,५०० सरळ गिळले.

दोन महिन्यांत हिरडी सुजली, पू आला. दुसऱ्या डॉक्टरांच्या एक्स-रेत तीनपैकी एकाच नळीत पांढरी रेघ होती. दोन नळ्या रिकाम्याच. टोपी कापून काढली, रूट कॅनल पुन्हा, ११,५०० वेगळे.

मग तक्रारीची वणवण. पोलीस ठाण्यात सांगितलं, हा तुमचा आपसातला मामला. आरोग्याच्या कचेरीत म्हणे, आमच्याकडे येत नाही, जिल्ह्याला जा. जिल्ह्याला म्हणे, साहेब दौऱ्यावर आहेत, अर्ज टपालात द्या. तीन चकरा झाल्या, तिन्ही वेळा एसटी आणि दिवसाची मजुरी बुडाली. तिसऱ्यांदा बाबूने वर न बघता विचारलं, ‘बिल आहे का?’ बिल असतं तर ही वेळ आली असती का? फसवणाराच बिल देत नाही आणि बिलाशिवाय कोणी ऐकत नाही, मग कास्तकाराने जायचं कुठे? अर्जावर आवक क्रमांक मागितला तर असा चेहरा केला, जणू त्याच्याच खिशात हात घातला.

ग्राहक आयोगाची वाट मात्र खुली आहे. मुदत २ वर्षांची आहे, दवाखान्याला दिलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करून विचारा. भाव ठरला की लगेच दवाखान्याच्या व्हॉट्सॲपवर लिहून टाका, ‘झिरकोनिया, ९,०००, बरोबर ना?’ त्यांचं ‘हो’ आलं तर तेच बिलाच्या जागी कामाला येईल. दाताच्या डॉक्टरची राज्य दंत परिषदेकडे नोंदणी लागते, तो क्रमांकही मागा. आणि कापून काढलेली टोपी दवाखान्यात टाकून येऊ नका. दोन तुकडे झाले तरी आतली करडी बाजू दिसतेच. ते तुकडे पुडीत बांधून, नव्या एक्स-रेसोबत तक्रारीला जोडायला ठेवा.