मांगराच्या दाराला रीड, हॉल की टीएमआर? खाऱ्या हवेतला माझा कौल

मालवण पट्ट्यातल्या मांगरांच्या (बागेतल्या शेतघरांच्या) आणि पंपघरांच्या दारांना मी बॅटरीवर चालणारे छोटे सेन्सर बसवतो. मालक मुंबईला आणि कलमं इथे, त्यामुळे दार उघडलं की मोबाइलवर येणाऱ्या त्या एका संदेशावर त्यांची बरीच भिस्त असते. चुंबक दारावर आणि सेन्सर चौकटीवर, इतपत तुम्हाला ठाऊक असणारच. चुंबक जवळ आहे का ते ओळखणारे तीन प्रकार आहेत, रीड, हॉल आणि टीएमआर. चौकटीवर त्यातलं नेमकं काय लावायचं, एवढाच प्रश्न.

रीड स्विचबद्दल मला मनापासून आदर आहे. बेल लॅब्समधल्या वॉल्टर एलवूड यांनी १९३६ साली तो शोधला आणि आजही तो तसाच चालतो. काचेच्या नळीत बंद केलेल्या दोन पट्ट्या, स्वतःला वीज शून्य आणि आतल्या संपर्काला खारी हवा लागायचा प्रश्नच नाही. कागदावर पाहिलं तर कोकणासाठीच बनवल्यासारखा. पाय वाकवताना काच तडकते, पण हात बसला की तेही सांभाळता येतं.

माझं घोडं अडलं ते पुल-अप रेझिस्टरपाशी. पट्ट्या सुट्या असताना प्रोसेसरकडे जाणारी लाइन हा रेझिस्टर वर, म्हणजे बॅटरीच्या व्होल्टेजपाशी, ओढून धरतो. पट्ट्या जुळल्या की लाइन खाली, शून्यावर येते. दार बहुतेक वेळ बंदच असतं. म्हणजे चुंबक जवळ, पट्ट्या जुळलेल्या आणि रेझिस्टरमधून करंट अखंड चालू. तीन व्होल्टला १० किलोओहम लावला तर ३०० मायक्रोॲम्पिअर जातात आणि सीआर२०३२ हा बटणासारखा सेल महिनाभरात संपतो. म्हणून सगळे एक मेगाओहम लावतात, मीही लावत होतो. करंट तीन मायक्रोॲम्पिअरवर येतो, सेल टिकतो, पण ती लाइन फार दुबळी होते. आषाढात बोर्डावर खारट ओलाव्याचा पापुद्रा धरतो. त्याचा रोध काहीशे किलोओहमपर्यंत उतरला की तोच लाइन खाली ओढतो आणि यंत्राला वाटतं, दार बंद आहे. दार सताड उघडं, संदेश मात्र नाही. खोटी सूचना आली तर माणूस निदान चिडून तपासायला तरी जातो. इथे सगळं शांत. वर दोन दिवस उघडीप मिळाली की बोर्ड सुकतो आणि टेबलावर तपासताना काहीच सापडत नाही. सारख्या तक्रारी आणि दरवेळी निर्दोष निघणारा बोर्ड, याने मी अगदी मेटाकुटीला आलो.

यावर उपाय नाही असं नाही. वाचायच्या क्षणापुरताच पुल-अप चालू करायचा असं प्रोग्रॅममध्ये लिहिता येतं. पण मग दार उघडल्याबरोबर झोपलेला प्रोसेसर आपोआप जागा होणार नाही, त्याला घड्याळावर उठून पाहावं लागतं. तयार बोर्ड घेणाऱ्याला तर तेही हातात नसतं.

हॉल सेन्सर म्हणजे चुंबकीय क्षेत्र ओळखणारी चिप. तिचं तत्त्व १८७९ चं, एडविन हॉल यांचं. कमी विजेचे हॉल स्विच क्षणभर जागे होऊन पाहतात आणि पुन्हा झोपतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या डीआरव्ही५०३२ चा सेकंदाला २० वेळा पाहणारा प्रकार तीन व्होल्टला साधारण १.६ मायक्रोॲम्पिअर घेतो, पाच वेळा पाहणारा त्याच्या निम्म्याहून कमी. दारासाठी दोन्ही पुरे. मला भावतं ते त्याचं पुश-पुल आउटपुट. लाइन वर न्यायची असो की खाली, चिप स्वतः जोर लावते, त्यामुळे तो पापुद्रा तिच्यापुढे टिकत नाही. मात्र पापुद्र्यातून थोडा करंट गळतोच, म्हणून बोर्डाला लॅकरचा थर द्यायलाच हवा. खरेदी करताना डेटाशीटमध्ये आउटपुट ओपन-ड्रेन, म्हणजे लाइन फक्त खाली ओढणारं, नाही ना, हे नीट बघा. तसं निघालं तर पुन्हा तोच पुल-अप आणि तीच कटकट.

पर्जन्यमापकाचं मात्र वेगळं. तिथे बादली कलंडताना चुंबक झर्रकन पुढून जातो आणि सेकंदाला पाचदा पाहणारा हॉल तो सहज चुकवू शकतो. तिथे मी अजूनही रीडच लावतो.

टीएमआर (टनेल मॅग्नेटोरेझिस्टन्स), म्हणजे चुंबकीय क्षेत्रात ज्याचा रोध बदलतो तो सेन्सर, तांत्रिकदृष्ट्या कदाचित सर्वांत सरस असेल. वीज नॅनोॲम्पिअरच्या पातळीवर आणता येते आणि दुबळा चुंबकही त्याला पुरतो. हा दुसरा गुण कोकणात मोलाचा आहे, कारण निओडिमियम चुंबकाचा निकेलचा मुलामा एकदा टवका उडाला की आतला भाग गंजून भुगा होतो. काळा फेराइट मुळातच ऑक्साइड, त्याला गंज नाही, पण जोर कितीतरी कमी. फेराइट आणि टीएमआर ही जोडी मला पटते. पण सुट्टे नग आमच्याकडच्या दुकानांत मिळत नाहीत, मागवून वाट पाहावी लागते आणि भर पावसात एखादा बदलायचा झाला तर खोळंबा होतो. शिवाय मी ते थोडेच वापरलेत, त्यामुळे ठाम बोलत नाही.

तुमचं घर समुद्रापासून लांब, घाटाच्या पायथ्याशी असेल तर रीडवर तुमचं उत्तम भागेलही. किनाऱ्यालगत मात्र मी पुश-पुल आउटपुटचा, २० हर्ट्झचा हॉल घेईन, तोही ओम्नीपोलर, म्हणजे चुंबकाची बाजू उलटी लागली तरी चालतं. आणि रीड आधीच बसवलेला असेल, तर यंदा ऐन पावसाच्या झडीत दार उघडून संदेश येतो का ते पाहा, उघडिपीची वाट बघू नका.