शाळेच्या शिबिरातून मिळालेलं कानाचं मशीन: मशीन टिकलं, साच्यानं छळलं

लेकीला कानाचं मशीन मिळून बरेच महिने झाले. अनुभव कधीतरी लिहायचाच होता, पण वर्गातून निरोप आला, "मशीन घरीच ठेवत जा, शिट्टी वाजते, बाकीच्या लेकरांचं लक्ष उडतं," तेव्हा राहवलं नाही.

आमचं गाव परभणी जिल्ह्यात, शाळा जिल्हा परिषदेची, लेक दुसरीत. शाळेमार्फत तपासणी शिबिर झालं, मग साहित्य वाटपात दोन्ही कानांची मशीनं मिळाली. कानामागची, डिजिटल, 13 नंबरच्या सेलची. बाकीचं ज्यांच्या घरात मशीन आहे त्यांना सांगायची गरज नाही.

आधी चांगलं सांगते. फुकटचं मशीन म्हणजे कपाटात पडून राहणार, असं गावात सगळे म्हणत होते. तसं अजिबात झालं नाही. आधी ती "साखर"ला "आकर" म्हणायची, कारण 'स' तिच्या कानापर्यंत पोचतच नव्हता. मशीन लागल्यावर महिन्या-दोन महिन्यांत तो 'स' तिच्या बोलण्यात आला. शेळीचं करडू मागं ओरडलं की वळून बघायला लागली. मशीन दोनदा फरशीवर पडलं तरी काही झालं नाही.

आता साचा. कानात बसणारा तो प्लास्टिकचा तुकडा. शिबिरात कानात मऊ लगदा भरून माप घेतात आणि त्यावरून साचा बनून येतो. आमचा आला तेव्हा घट्ट होता. पावसाळा सरेपर्यंत सैल झाला, कारण लेकराचा कान वाढतो. साचा सैल झाला की मशीनचा आवाज फटीतून बाहेर येतो, पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी सुरू होते. आवाज कमी केला तर शिट्टी थांबते, पण मग तिला ऐकूच येत नाही. एकदा वर्गाच्या खिडकीतून बघितलं तर डाव्या हातानं साचा कानात दाबून धरलेला आणि उजव्या हातानं लिहिणं चाललेलं. वही धरायला हात नव्हता, म्हणून ती सरकत होती आणि अक्षरं तिरकी जात होती. वर्गाच्या मॅडमना वाटायचं, हिचं अक्षरच वाईट.

साच्यासाठी फिरले तेव्हाची उत्तरं सांगते. तालुक्याच्या ऑफिसात म्हणाले, "साहित्य मिळालंय ना, आता पुढच्या शिबिरात बघू." मशीनच्या कार्डावरच्या नंबरवर सांगितलं की वॉरंटी मशीनला आहे, साच्याला नाही. शहरातल्या दुकानदारानं साचा हातातही घेतला नाही, 35 हजारांचं नवीन मॉडेलच पुढं केलं. साचा मागितला की मशीन दाखवतात, याचा मला फार संताप येतो.

दिव्यांगांना मदतीचं साहित्य देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत नियम असा आहे की एकदा साहित्य मिळालं की तसंच साहित्य 3 वर्षं पुन्हा मिळत नाही. 12 वर्षांखालच्या मुलांसाठी मात्र ही अट 1 वर्षाची आहे. म्हणजे लेकरं वाढतात हे नियम करणाऱ्यांना ठाऊक आहे. पण मशीनला वर्षभर काही होत नाही, साचा मात्र सहा महिन्यांतच लहान पडतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 17 मध्ये 18 वर्षांपर्यंत योग्य साहित्य मोफत द्यायचं म्हटलंय. कानात न बसणारं मशीन योग्य कसं म्हणायचं?

इथवर लिहून ठेवलं होतं आणि शाळेवर बरंच वाईट लिहिणार होते. पण मध्ये गटसाधन केंद्राचे, म्हणजे तालुक्यातल्या शाळांना मदत करणाऱ्या शिक्षण खात्याच्या केंद्राचे, विशेष शिक्षक शाळेत येऊन गेले आणि बरंच बदललं, म्हणून पुढचं वेगळं लिहिते.

सरांनी आधी मशीन आणि साचा जोडणारी नळी बघितली. ती पिवळी पडून कडक झाली होती. ती बदलली तेव्हा शिट्टी थोडी कमी झाली. मग वर्गाच्या मॅडमना सहा आवाजांची तपासणी शिकवली: आ, ई, ऊ, म, श, स. हे सहा ऐकू आले की बोलण्यातले जाड-बारीक सगळे आवाज पोचतात असं समजायचं. मॅडम आता हजेरी झाली की लेकीच्या मागं उभ्या राहतात, हजेरीचं पुस्तक तोंडापुढं धरतात आणि एकेक आवाज काढतात. ऐकला की ती हात वर करते. एखाद्या दिवशी 'श'ला हात वर गेला नाही की मॅडम आधी सेल बघतात, मग साच्याच्या भोकात मळ आहे का ते बघतात. मिनिटभराचं काम आहे. या एका मिनिटाला माझ्याकडून पूर्ण मार्क. मशीन घरी ठेवा म्हणणाऱ्या मॅडम याच, आणि आज वर्गात तिच्यासाठी सगळ्यात जास्त त्याच करतात. फळ्याकडं तोंड करून बोलणं त्यांनी बंद केलंय, आधी लिहितात, मग वळून सांगतात. तिला ट्रॅक्टरच्या रस्त्याकडच्या खिडकीपासून काढून पुढं भिंतीच्या बाजूला बसवलंय.

सर मात्र महिन्यातून एखाद्या वेळीच दिसतात. सुप्रीम कोर्टानं 2021 मध्ये प्राथमिक शाळांसाठी दर 10 विशेष गरजा असलेल्या मुलांमागं 1 विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं होतं. आमच्या सरांच्या मोटारसायकलीला कितीतरी गावं आहेत. ते रोज शाळेत असते तर शिट्टीवर पहिल्याच आठवड्यात इलाज झाला असता.

नवा साचा शेवटी आमच्याच पैशानं केला, मऊ सिलिकॉनचा. दोन्ही कानांचे मिळून दीड हजार गेले. दुसऱ्या दिवसापासून शिट्टी बंद. अक्षर सरळ झालं.

सेलचं गणितही सांगते. सहा सेलची पट्टी मला अडीचशेला पडते आणि दोन कानांना महिनाभर जेमतेम पुरते. विशेष गरजा असलेल्या मुलींना समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेतून महिना 200 रुपये भत्ता आहे, तोही 10 महिने. म्हणजे सगळा भत्ता सेलवर घातला तरी वरचे 50 घरातून जातात. सेलवरचा स्टिकर काढला की आत हवा शिरते आणि तो संपायला लागतो. स्टिकर परत चिकटवून काही वाचत नाही. काढल्यावर मिनिटभर थांबून मगच सेल घाला, जास्त चालतो. पट्टी घेताना मागची तारीख बघा, आमच्याकडं जुना माल गळ्यात मारतात. एक पट्टी मॅडमच्या कपाटात ठेवलीय, भर वर्गात सेल संपला तर दिवस वाया जायला नको.

उन्हाळ्याची धास्ती आहे. परभणीचं ऊन माहीतच आहे, घामाचं पाणी नळीत उतरतं. रात्री सेलचं झाकण उघडं ठेवून मशीन पाणी शोषणाऱ्या पुडीसोबत डबीत ठेवते. साचा मशीनपासून काढून कोमट पाण्यानं धुते आणि नळीत फुंकर मारून सुकवते. केसांना तेल लावायचं असेल तर मशीन काढूनच, वेणी झाल्यावर परत घालायचं.

गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावानं लेखी अर्ज दिलाय, पोच घेतलीय: गटसाधन केंद्रात वर्षातून दोनदा कानाची मापं घ्यावीत आणि साचा साहित्यात धरावा. उत्तर आलं की खाली टाकते. तोवर नांदेड, लातूर किंवा हिंगोलीकडं कुणी लेकराचा मऊ साचा करून घेतला असेल तर किती पडला आणि किती महिने बसला, तेवढं लिहा.