शिरोलीची फौंड्री की गेट देऊन एम.टेक.? शेवटच्या वर्षाच्या बाकावरून

मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. बाबा कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात टर्नर. शाळेत पट्टी हरवली की त्यांच्या व्हर्निअरनं वहीत रेघा मारायचो आणि मार खायचो. आवडीचा विषय ओतकाम. पुढं कास्टिंगच्या मेथडिंगमध्ये, म्हणजे धातू साच्यात कुठून शिरणार, आधी कुठं थिजणार हे ठरवणाऱ्या कामात, नाव काढायचं आहे. वर्गातली निम्मी पोरं कोडिंग शिकून हिंजवडीला निघालीत. तो रस्ता वाईट नाही, पण मला त्यातलं कळत नाही, म्हणून तो बाजूला ठेवतो. माझ्यासारखा ज्याचा जीव बिडात अडकलाय त्याच्यासाठी ही तुलना: फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, नोकरी धरायची, की गेट ही एम.टेक.च्या प्रवेशाची परीक्षा देऊन पुढं शिकायचं.

आधी शिकायला काय मिळतं ते बघू. तिसऱ्या वर्षानंतर शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत महिनाभर इंटर्नशिप केली. रात्रपाळीत ओतलेली पंपाची केसिंग रोज ब्लो होलनं, म्हणजे आत गॅस अडकून पडलेल्या पोकळीनं, रिजेक्ट व्हायची. लॅबच्या कागदावर वाळूचं सगळं ठीक: ओलावा ठीक, ताकद ठीक. मोल्डिंगवरच्या मामांनी पट्ट्यावरून मूठभर वाळू उचलली, दाबली, मधोमध मोडली आणि माझ्या तळहातावर ठेवली. बोटांचे ठसे छान उमटले होते, पण वाळू चांगलीच कोमट होती. मामा म्हणाले, "गरम वाळू हाय पोरा. ह्यातलं पाणी जाग्यावर ऱ्हाईत न्हाई." झालं होतं असं की, रात्री साच्याचे बॉक्स जास्त निघायचे, त्यामुळं ओतून झालेल्या साच्यांतून झाडून परत आलेली वाळू थंड व्हायच्या आतच पुन्हा मिक्सरला जायची. तिची वाफ थंड कोअरवर (आतली पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवलेल्या ठोकळ्यावर) धरायची आणि धातू ओतला की तिथंच गॅस. लॅबवाला नमुना घ्यायचा पाळी सुरू होताना, वाळू थंड असताना! हे मला कुठल्याच पेपरात कुणी विचारलं नसतं.

पण त्याच महिन्यात दुसरी बाजूही दिसली. रायझर (कास्टिंग थिजताना आकसतं तेव्हा त्याला धातू पुरवणारा साच्यातला साठा, तो कास्टिंगनंतर थिजायला हवा) किती मोठा ठेवायचा हे तिथं 'मागच्या जॉबला किती होता' यावर ठरायचं. का, असं विचारलं की उत्तर नाही. आणि गेटच्या मेकॅनिकलच्या पेपरात नेमका तोच प्रश्न असतो: एकाच घनफळाचा गोळा आणि घन, आधी कोण थिजेल? च्वोरिनोव्हचा नियम लावा: थिजायचा वेळ घनफळ भागिले पृष्ठफळ, त्याच्या वर्गाच्या प्रमाणात. गोळ्याला घनापेक्षा साधारण दीडपट वेळ लागतो. मग रायझर गोळ्यासारखा का करत नाहीत? कारण तसा पॅटर्न (ज्याच्याभोवती वाळू दाबून साचा करतात तो नमुना) वाळूतून सरळ निघत नाही, म्हणून सिलिंडरवर भागवतात. हा शेवटचा तुकडा पुस्तकात एका ओळीत संपतो, साच्यासमोर उभं राहिलं की मात्र डोक्यात पक्का बसतो. एम.टेक.ला गेलो तर असे नियम सिम्युलेशनमध्ये घालून साचा न भरताच बघता येतात. फौंड्रीत ते शिकवायला कुणाकडं सवड नसते.

पैशाचं लवकर संपवतो. गेटच्या स्कोअरवर एम.टेक.ला प्रवेश मिळाला तर महिन्याला १२,४०० रुपये विद्यावृत्ती मिळते, तीही दोन वर्षं. वसतिगृह आणि मेसचा खर्च त्यातूनच भागवायचा. फौंड्रीत राहायचा खर्च शून्य: आईचा डबा, गाडीला पेट्रोल, तावडे हॉटेलच्या चौकातून हायवे धरला की पोहोचलो. (पंचगंगेला मोठा पूर आला नाही तर. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली होता.) पण पुढं शिकवायचं मनात असेल तर इंजिनिअरिंग कॉलेजात असिस्टंट प्रोफेसरसाठी एम.टेक. लागतंच, तिथं अनुभवाची वर्षं दाखवून भागत नाही.

परीक्षेबद्दल थोडं. तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण. त्यातले १५ गुण ॲप्टिट्यूडचे, १३ गणिताचे, बाकी आपला विषय. पर्यायी प्रश्न चुकला तर एक तृतीयांश गुण कापतात, आकडा लिहायच्या प्रश्नाला कापत नाहीत. रात्रपाळी करून याचा अभ्यास होतो असं सांगणारे भेटतात, पण मला तरी ते जमणार नाही. थर्मो आणि स्ट्रेंथ एकदा हातातून सुटले की परत धरायला कॉलेजइतका निवांत वेळ मिळत नाही.

पण पोरं 'हे की ते' करत बसतात आणि एक गोष्ट विसरतात. गेटचा स्कोअर निकालापासून तीन वर्षं चालतो. म्हणजे शेवटच्या वर्षात फेब्रुवारीत परीक्षा द्यायची, मार्चमध्ये स्कोअर खिशात टाकायचा आणि जुलैला फौंड्रीत हजर व्हायचं. पूर्ण दोन वर्षं वाळू, भट्टी, रिजेक्शन बघून त्याच स्कोअरवर एम.टेक.ला अर्ज करता येतो. तेव्हा प्रबंधाला विषय शोधत फिरावं लागणार नाही. माझ्याकडं तर गरम वाळूचा आत्ताच आहे. सरकारी कंपनीत जायचं असेल तर मात्र हा डाव चालत नाही, त्यातल्या बहुतेक त्याच वर्षाचा स्कोअर मागतात.

मी हेच करणार आहे. बाबांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी व्हर्निअर पुसत एवढंच विचारलं, "बाँड किती वर्षांचा हाय?" फौंड्री किती वर्षं बांधून घेते हे मी विचारलंच नव्हतं. तीन वर्षांचा निघाला तर स्कोअर आत बसल्या बसल्याच संपेल. उद्या सकाळी आधी तेवढा फोन करायचाय.