चिलटांसाठी शिवून घेतलेली जाळी : उजनीकाठच्या तीन मुक्कामांनंतर

सोलापुरातील एका शिलाईच्या दुकानातून आम्ही गेल्या नोव्हेंबरात दोन माणसांपुरती एक मच्छरदाणी शिवून घेतली. तिचे कापड मच्छरदाणीचे नाही. ती रोपवाटिकेत आणि शेडनेटमध्ये वापरतात त्या ४० मेश कीडरोधक जाळीची आहे. उजनीच्या पाण्यालगत तिच्यात तीन रात्री काढल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे. उघड्यावर मुक्काम करणाऱ्या आणि पहाटे पक्षी पाहायला जाणाऱ्या सोलापूरकरांना तिचा उपयोग व्हावा, असे मला मनापासून वाटते.

आधी ज्या त्रासासाठी ही जाळी शिवली तो सांगतो. करमाळा तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याला लागून माझ्या आतेभावाचे शेत आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस आम्ही नवराबायको आणि आमचा दहा वर्षांचा मुलगा तेथे दोन रात्रींसाठी गेलो होतो. बरोबर ऑनलाइन मागवलेला तंबू होता, त्याच्या दारांना आणि खिडक्यांना जाळी होती आणि सर्व प्रकारच्या कीटकांपासून संरक्षण मिळेल असे त्याच्या माहितीत लिहिलेले होते. दिवस मावळताना वारा पडला आणि पंधरावीस मिनिटांत मुलगा पाय खाजवू लागला. डासांचा आवाज कोठेच नव्हता. बॅटरीच्या उजेडात पाहिले तेव्हा तंबूच्या आतल्या बाजूला, जाळीच्या कडेकडेने, मिरपूड शिंपडल्यासारखे बारीक काळे ठिपके बसलेले दिसले. सकाळी मुलाच्या घोट्यांवर आणि पत्नीच्या मानेवर इतके लाल फोड होते की आम्ही दुसरी रात्र रद्द करून परत निघालो. विक्रेत्याकडे तक्रार केल्यावर उत्तर आले की जाळी डासांसाठी असून ती तशी शाबूत आहे. उत्तर खोटे नव्हते, परंतु विकताना लिहिलेले वाक्य मात्र खोटे होते.

आपण ज्यांना सरसकट चिलटे म्हणतो त्यांत बरेच वेगवेगळे कीटक येतात. पिकलेल्या केळ्यावर घोंघावणारी चिलटे चावत नाहीत. चावणारी चिलटे वेगळी. शास्त्रीय भाषेत त्यांतील मोठ्या गटाला क्युलिकॉइड्स म्हणतात. त्यांची लांबी एक ते तीन मिलिमीटर असते, पंखांवर बहुधा ठिपके असतात आणि अंडी घालण्यासाठी रक्ताची गरज असल्यामुळे चावते ती फक्त मादी. ओला चिखल, शेणामुताने भिजलेली जमीन, कुजका पालापाचोळा ही त्यांची वाढण्याची जागा. सोलापूर जिल्हा कोरडा म्हणून ओळखला जातो आणि त्यामुळे येथे असला त्रास कसा, असे पुष्कळांना वाटते. परंतु धरणाचे पाणी हळूहळू मागे सरकते तेव्हा काठावर उरणारा गाळ आणि त्यात रोज पाणी प्यायला उतरणारी जनावरे यांमुळे चिलटांना लागते ते सगळे तेथे एकत्र आलेले असते.

त्या ऑक्टोबरच्या मुक्कामात शेजारच्या रानात खतासाठी मेंढरे बसवलेली होती. वाड्यावरच्या म्हाताऱ्या धनगर मामांनी आमच्या मुलाचे पाय पाहिले आणि म्हणाले, “पोराला वाऱ्याच्या अंगाला झोपवा. ह्याच चिलटानं मेंढराची जीभ निळी पडती.” ते बोलत होते तो मेंढ्यांचा नीलजिव्हा रोग, ज्याला पशुवैद्यक ब्लू टंग म्हणतात. तो याच क्युलिकॉइड्स चिलटांमार्फत एका मेंढीपासून दुसऱ्या मेंढीकडे जातो. माणसाला तो होत नाही, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे, नाहीतर वाचणारे उगाच घाबरतील. मामांनी वाड्याच्या वाऱ्याकडील बाजूस गोवऱ्यांवर कडुलिंबाचा ओला पाला टाकून धूर केला होता. त्या धुराच्या पट्ट्यात बसलो तोवर चावे खरोखरच कमी झाले, पण डोळे चुरचुरत होते आणि धुरात झोपणे शक्य नव्हते.

आता जाळीच्या भोकांविषयी, कारण सगळा प्रश्न तेथेच आहे. डासांसाठीच्या साध्या मच्छरदाणीत एका चौरस इंचात साधारण १५६ छिद्रे असतात. याचा अर्थ एका इंचाच्या ओळीत साडेबारा छिद्रे, म्हणजे एका छिद्राच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत दोन मिलिमीटर. डास लांब पायांचा आणि पंखांचा असल्यामुळे तेथे अडतो. चिलट मात्र अंग आवळून त्यातून सहज आत येते. ४० मेश जाळीत एका इंचाच्या ओळीत ४० छिद्रे असतात. दोऱ्याची जाडी वजा केल्यास छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान राहते. ही जाळी पांढरी माशी रोखण्यासाठी बनवलेली आहे आणि सोलापूर परिसरात डाळिंब, ढोबळी मिरची, रोपवाटिका यांमुळे ती कृषी दुकानांत सहज मिळते. परदेशातील गिर्यारोहक चिलटांसाठी खास बारीक जाळीचे तंबू वापरतात, ते येथे महाग पडतात आणि मागवून मिळायला वेळ लागतो. आपल्या गावात शेतकऱ्यासाठी विकल्या जाणाऱ्या जाळीत तोच गुण आहे, हे लक्षात आले तेव्हा मला फार आनंद झाला.

तीन मीटर पन्ह्याची जाळी आम्ही पाच मीटर घेतली. शिलाईच्या दुकानात पिशव्या, ताडपत्र्या, मंडपाच्या झालरी असे जाड काम चालते. तेथील अण्णांनी जाळी दोन बोटांत चोळून पाहिली आणि पहिला प्रश्न केला तो कापडाचा नव्हता, सुईचा होता. “मालक, एवढी बारीक जाळी घेतलीत, पण माझी सुई हिच्याहून मोठं भोक पाडंल त्याचं काय?” मी या गोष्टीचा विचारच केलेला नव्हता. त्यांनी प्रत्येक शिवणीला आतून आणि बाहेरून मांजरपाटाची दोन बोटे रुंद पट्टी लावली, म्हणजे सुईची भोके कापडाखाली झाकली गेली. चेनच्या दातांमधून चिलट येऊ शकते म्हणून चेनवर आतून चार बोटांची झाकपट्टी शिवली आणि ती वेल्क्रोने बंद होईल अशी केली. खाली चारही बाजूंनी एक फूट मांजरपाटाचा घेर सोडला, तो गादीखाली किंवा ताडपत्रीखाली दाबायचा. वर चार कोपऱ्यांना नाड्या आहेत, त्या झाडाला, बांबूला किंवा गाडीच्या कॅरिअरला बांधता येतात.

जाळी, चेन, पट्ट्या आणि शिलाई मिळून आम्हांला १,२६० रुपये पडले. काम तीन दिवसांत मिळाले. शिवण सरळ आहे, कोपरे दुहेरी आहेत आणि तीन मुक्कामांनंतरही एकही दोरा सुटलेला नाही. दुकानदाराने जाळी न धुता वापरू नका असे बजावले होते, तेही योग्यच. शेतीच्या मालावर धूळ असते आणि पहिल्या धुण्यात पाणी काळे निघाले.

परीक्षा कशी घेतली ते सांगतो. जाळीत डोक्याशी पांढरा सोलापुरी टॉवेल अंथरायचा आणि सकाळी त्यावर पडलेले काळे ठिपके मोजायचे. ऑक्टोबरमध्ये त्या तंबूत मी असाच टॉवेल झटकला होता, तेव्हा चाळिसाच्या पुढे मोजदाद सोडून दिली होती. नोव्हेंबरात नव्या जाळीत सकाळी चार ठिपके निघाले आणि ते चारही चेनजवळ होते; रात्री मुलगा पाणी प्यायला दोनदा बाहेर गेला होता. जानेवारीतील रात्र थंड होती, बाहेरच चिलटे फारशी नव्हती, त्यामुळे त्या रात्रीचे गुण मी धरत नाही. खरी परीक्षा फेब्रुवारीत झाली. पाणी बरेच मागे गेलेले, गाळपेरीची रोपे वर आलेली, वारा बंद, आणि रोहित पक्ष्यांचा थवा समोरच्या उथळ पाण्यात उतरलेला. चिलटे सूर्य मावळताना आणि उजाडताना सर्वांत जास्त चावतात आणि पक्षी पाहण्याची वेळही नेमकी तीच असते. त्या पहाटे आम्ही जाळीतच बसून, मांडीवर कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन, दीड तास पक्षी पाहिले. जाळीच्या बाहेरच्या अंगाला चिलटांचा पातळ थर बसला होता. माझ्या बोटाच्या टोकासमोर, कापडापलीकडे, एक चिलट छिद्रात डोके घालून पुन्हापुन्हा मागे सरकत होते. टॉवेलवर दोन ठिपके निघाले.

उणिवाही आहेत आणि त्या लहान नाहीत. ४० मेश जाळीतून वारा फार कमी येतो. नोव्हेंबरच्या रात्रीदेखील पहिले दोन तास कोंडल्यासारखे वाटले, आणि एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो, तेव्हा हिच्यात झोपण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. जाळीतून दुर्बिणीने पाहिले तर प्रतिमा धूसर दिसते. छायाचित्रे काढायची असतील तर बाहेर यावेच लागते. वजन पावणेदोन किलो भरते आणि घडी जाड होते, म्हणून पाठीवर सामान घेऊन चालणाऱ्यांसाठी ती सोयीची नाही. दुचाकीवर किंवा गाडीने जाणाऱ्यांना अडचण नाही. प्लास्टिकचा वासही पहिल्या रात्री जाणवला, नंतर गेला.

कोंडमाऱ्यावर आम्हांला सापडलेला उपाय म्हणजे चार्जिंगचा लहान पंखा. त्याचा दुहेरी लाभ होतो, कारण चिलट हा फार दुबळा उडणारा कीटक आहे. ताशी दहा किलोमीटरच्या आसपास वारा वाहू लागला की ते उडणे जवळजवळ सोडूनच देते. धनगर मामांनी वाऱ्याच्या अंगाला झोपवा म्हणून सांगितले ते याचसाठी. फेब्रुवारीत आम्ही पाण्यापासून दोनशे पावले वर, बांधावर मुक्काम केला आणि तेथे खाली गाळापेक्षा त्रास स्पष्टपणे कमी होता. जागा निवडताना जनावरांच्या पाणवठ्यापासून आणि उकिरड्यापासून दूर राहावे. पांढरा प्रखर दिवा जाळीत न लावता थोड्या अंतरावर लावावा, कारण उजेडाकडे चिलटे येतात.

जाळीबाहेर असताना अंगाला लावायच्या मलमांविषयी थोडक्यात. किराणा दुकानात सर्रास मिळणाऱ्या मच्छर मलमात डायएथिल बेंझामाइड हे द्रव्य १२ टक्के असते. ते चिलटांवरही काही वेळ काम करते, पण घामाने निघून जाते आणि पुन्हा लावावे लागते. लावताना घोटे, कानामागची जागा, मान आणि केसांची कड विसरू नये, कारण पातळ थर जेथे सुटतो नेमके तेथेच चावे येतात. डीट हे दुसरे कीटकरोधक द्रव्य असलेले द्रावण वापरणार असाल तर हात पुसूनच दुर्बीण आणि चष्मा हाताळावा. डीटमुळे प्लास्टिक मऊ पडते आणि त्यावर डाग पडतात. आयकॅरिडिन या आणखी एका कीटकरोधक द्रव्याच्या फवाऱ्याला हा दोष नाही आणि वासही सौम्य असतो, म्हणून आता आम्ही तोच बरोबर ठेवतो. उन्हाचे मलमही लावायचे असेल तर ते आधी आणि कीटकांचे नंतर. पूर्ण बाह्यांचा, फिकट रंगाचा सैल सदरा आणि मोज्यांत खोचलेली विजार यांनी जे साधते ते कोणत्याही बाटलीने साधत नाही, असा माझा अनुभव आहे. चावे आलेच तर थंड पाण्याची पट्टी आणि कॅलामाइन लावावे. खाजवून फोड फुटला तर तो आठवडाभर बरा होत नाही.

बारीक जाळीचा आणखी एक उपयोग मला महत्त्वाचा वाटतो. वाळूमाशी, जी चिलटाएवढीच लहान असते आणि मातीच्या भिंतींच्या भेगांत राहते, तीही साध्या मच्छरदाणीतून आत येते. १९६५ मध्ये विदर्भातील चांदीपुरा गावी सापडलेल्या आणि त्याच गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विषाणूचा प्रसार मुख्यतः तिच्यामार्फतच होतो आणि त्याचा धोका लहान मुलांना अधिक असतो. जुन्या वाड्यात किंवा शेतावरच्या मातीच्या घरात मुलांना घेऊन मुक्कामाला जाणाऱ्यांनी म्हणूनही ही जाळी जवळ बाळगावी.

मी या जाळीला पाचपैकी चार गुण देतो. कापलेला एक गुण उष्णतेसाठी आहे. शिलाईच्या कामाला पाचपैकी पाच, आणि तेही सुईच्या त्या प्रश्नासाठी. आतेभावासाठी दुसरी जाळी आम्ही गेल्या आठवड्यात शिवायला टाकली आहे. तिची उंची सहा इंचांनी वाढवली आहे, म्हणजे आत पंखा टांगता येईल. चेन एकाऐवजी दोन बाजूंना घेतली आहे, कारण रात्री एकाला उठायचे असले की दुसऱ्याला ओलांडून जावे लागते. मांजरपाटाचा घेर मात्र एक फुटाऐवजी दीड फूट ठेवायला अण्णांनी स्वतःहून सांगितले. शेतातली जमीन सपाट नसते, असे ते म्हणाले.