मोटारहोममागे रँग्लर ओढायला बसवलेला ब्ल्यू ऑक्सचा टो बार आणि पेट्रियट ब्रेक: आमचा अनुभव

आमची मोटारहोम (आत राहायची सोय असलेली मोठी गाडी, म्हणजेच आरव्ही) ३३ फुटी, फोर्ड एफ-५३ चासीवरची, आणि मागे चार दारांची जीप रँग्लर, चारही चाकं रस्त्यावर ठेवून टो बारने, म्हणजे दोन्ही गाड्या जोडणाऱ्या दांड्याने, ओढतो. इथे अमेरिकेत आरव्ही घेतलेली किंवा घ्यायच्या विचारात असलेली ओळखीची मराठी मंडळी सारखी विचारतात की नक्की काय काय बसवलं आणि पैसे वसूल झाले का, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय.

मागे गाडी हवीच कशाला, तर ग्लेशियर नॅशनल पार्कचंच घ्या. तिथे गोइंग-टू-द-सन रोडवर ॲव्हलांच ते रायझिंग सन या टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब गाडी सोडतच नाहीत, म्हणजे एवढ्या लांब जाऊन जे बघायचं तेच राहून जातं. शिवाय एकदा पाणी, वीज, सांडपाणी सगळं जोडून झालं की दूध-ब्रेड आणायला अख्खं घर हलवायचं कोणाला जिवावर येणार नाही? डॉली (मागच्या गाडीची पुढची दोन चाकं उचलून धरणारा छोटा ट्रेलर) पण बघितली होती, पण ती कॅम्पसाइटवर ठेवायची कुठे, आणि दर वेळी गाडी वर चढवून पट्टे आवळत बसा, पाऊस असला तर विचारूच नका.

आता गाडी कुठली घ्यायची ते. कुठलीही चालत नाही हो. बऱ्याच ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला तेलाचा पंप इंजिन चालू असेल तरच फिरतो, त्यामुळे इंजिन बंद आणि चाकं शेकडो मैल फिरतायत असं झालं की आतले पार्ट कोरडे घासून गिअरबॉक्स कायमचा जातो. होंडा सीआर-व्ही एके काळी लोक सर्रास ओढायचे, २०१५ च्या मॉडेलला सीव्हीटी (वेगळ्या प्रकारचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आला आणि ते बंद झालं, म्हणजे नाव तेच असलं तरी वर्ष बघावं लागतं. एका शोरूममध्ये सेल्समनने आम्हाला छातीठोकपणे सांगितलं की न्यूट्रलला टाका आणि खुशाल ओढा, आणि त्याच गाडीच्या ओनर्स मॅन्युअलमध्ये स्पष्ट मनाई छापलेली! मॅन्युअल सोडून कोणाचंही ऐकू नका, अगदी माझंही.

रँग्लरमध्ये मला सगळ्यात आवडतं ते हे की तिच्या ट्रान्सफर केसला, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देणाऱ्या भागाला, स्वतःचा न्यूट्रल आहे. ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्स पार्कमध्ये आणि ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये, ऐकायला उलटं वाटतं पण तसंच करायचं, कारण चाकांचा आणि गिअरबॉक्सचा संबंध तिथेच तुटतो. लिव्हर न्यूट्रलला नेल्यावर इंजिन चालू करून आधी रिव्हर्स टाकायचा, ब्रेक सोडून थोडं थांबायचं, मग तेच ड्राइव्हमध्ये. बायको बाहेर उभी राहून चाकांकडे बघते, गाडी तसूभरही हलली नाही तरच मी इंजिन बंद करून पार्कला टाकतो आणि हँडब्रेक सोडलाय ना ते बघतो. कितीही घाई असली तरी हे चुकवत नाही.

टो बार ब्ल्यू ऑक्स कंपनीचा अव्हेल, १०,००० पौंडांपर्यंत ओढू शकणारा. रँग्लर साधारण सव्वाचार-साडेचार हजार पौंड भरते, म्हणजे बारला काहीच नाही, पण मोटारहोमचं हिच (मागचा जोड, ज्यात टो बार बसतो) ५,००० चंच आहे आणि सगळ्यात लहान आकडा तोच आपला आकडा, हे विसरून जीपमध्ये सामान कोंबू नका. दोन्ही आर्म वेगवेगळे लांब होतात, त्यामुळे जीप अगदी नेमकी सरळ रेषेत उभी करावी लागत नाही, जोडून मोटारहोम हळू पुढे घेतली की एक-एक आर्म खट्‌ करून लॉक होतो, आम्ही दोन्ही आवाज ऐकल्याशिवाय हायवेला लागत नाही. सोडवताना मात्र सपाट आणि सरळ जागा बघा, नाहीतर पिनवर ताण येतो. जीपच्या बाजूने टो बार जिला जोडतात ती बेस प्लेट जीपच्या फ्रेमला बोल्ट केलीये, बंपरला टो बार लावायचा नाही हे जीपच्या मॅन्युअलमध्येच आहे. आणि बार जवळपास लेव्हल हवा, आमचं हिच उंच होतं म्हणून जोड खाली आणणारा ड्रॉप रिसीव्हर वेगळा घ्यावा लागला.

लोक पैसे वाचवतात ते ब्रेकवर, आणि हे बघून मला खरंच काळजी वाटते. मोटारहोमचे ब्रेक तिच्या स्वतःच्या वजनासाठी असतात, मागच्या दोन टनांसाठी नाही. आम्ही ब्ल्यू ऑक्सचाच पेट्रियट घेतला, पेटीसारखा असतो, जीपच्या ड्रायव्हर सीटसमोर ठेवायचा, ब्रेक पेडलला क्लॅम्प करायचा, बारा व्होल्टच्या सॉकेटला लावायचा, मोटारहोम स्लो झाली की तो पेडल दाबतो. घाटात उतरताना फरक लगेच जाणवतो, मागून ढकललं जाणं थांबतं. फक्त जीप वापरायची म्हटली की दर वेळी काढा आणि परत बसवा, हा व्याप आहे. ज्यांना तो नकोय त्यांनी रोडमास्टरचा इनव्हिजिब्रेक बघावा, तो सीटखाली कायमचा बसतो, आणि एअर ब्रेकवाली डिझेल मोटारहोम असेल तर डेम्कोचा एअर फोर्स वन.

फिटिंगच्या दुकानाबद्दल मात्र मी नाराज आहे. दिव्यांची केबल इतकी ताणून बांधली होती की पेट्रोल पंपावरच्या पहिल्याच काटकोनी वळणाला प्लग निघून आला आणि जीपचे मागचे दिवे बंद, मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न देऊन सांगितलं म्हणून कळलं. तेव्हा पैसे द्यायच्या आधी त्यांच्याच यार्डात डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवून बघा, आणि ब्रेकअवेची (जीप सुटली तर तिचा ब्रेक आपोआप लावणाऱ्या स्विचची) पिन ओढून जीपचा ब्रेक खरंच लागतो का ते स्वतः तपासा. जीप सुटलीच तर तिला थांबवणारी तेवढीच एक वस्तू आहे.

एक आणखी, जीप जोडलेली असताना रिव्हर्स घेता येत नाही, तिची पुढची चाकं आडवी होतात आणि बार वाकतो. म्हणून पंप निवडताना आत जाण्याआधी बाहेर पडायची वाट दिसली पाहिजे, नाही दिसली तर आम्ही पुढचा पंप बघतो.

बार, बेस प्लेट, ब्रेक, वायरिंग, मजुरी धरून चार हजार डॉलरच्या आसपास गेले. बार आणि ब्रेक दोन्ही परत हेच घेईन, दुकान दुसरं बघेन.