हिस्टोन एच३च्या २७व्या लायसिनवरील अ‍ॅसिटिल ओळखणारे प्रतिपिंड : एक परीक्षण

सशापासून मिळवलेले हे मोनोक्लोनल (एकाच पेशीवंशातून आलेले) प्रतिपिंड हिस्टोन एच३च्या, म्हणजे डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्यांपैकी एका प्रथिनाच्या, शेपटीवरील २७व्या लायसिनला (एका अमिनो आम्लाला) अ‍ॅसिटिल हा छोटा रासायनिक गट जोडलेला असेल तरच चिकटते, असा उत्पादकाचा दावा आहे. आमच्या प्रयोगशाळेत ते वेस्टर्न ब्लॉट (प्रथिने वेगळी करून ओळखण्याची चाचणी) आणि क्रोमॅटिन इम्युनोप्रेसिपिटेशन (क्रोमॅटिन, म्हणजे डीएनए व हिस्टोन यांचे मिश्रण, प्रतिपिंडाने पकडून चिन्ह डीएनएवर कुठे आहे ते शोधणे) या दोन्हींसाठी वापरले, आणि हा दावा बहुतांशी खरा ठरला.

या एका लायसिनला एवढे महत्त्व का, हे आधी सांगायला हवे. डीएनएच्या सुमारे १४७ बेस-जोड्या आठ हिस्टोनांच्या गाभ्याभोवती गुंडाळलेल्या असतात, आणि लायसिनवरील धनप्रभार ऋणप्रभारी डीएनएला धरून ठेवायला मदत करतो. अ‍ॅसिटिल गट जोडला की तो प्रभार नाहीसा होतो आणि पकड सैल पडते. अ‍ॅसिटिलीकरणाचा आरएनए-निर्मितीशी असा संबंध असावा, हे ऑलफ्री, फॉकनर आणि मर्स्की यांनी १९६४ मध्येच सुचवले होते. मात्र गोष्ट प्रभारापाशी संपत नाही, कारण ब्रोमोडोमेन (अ‍ॅसिटिल गटाला चिकटणारा भाग) असलेली प्रथिने हा अ‍ॅसिटिल गट ओळखून तिथे येतात आणि प्रतिलेखनाची (डीएनएवरून आरएनए बनवण्याची) यंत्रणा सोबत आणतात. २७व्या लायसिनवर तो मुख्यतः पी३०० आणि सीबीपी हे विकर (एन्झाइम) बसवतात, तर त्याच जागी मिथिल गट बसला तर जनुक सहसा मूक राहते.

प्रतिपिंडाची खरी कसोटी ९व्या लायसिनवर लागते. एच३च्या शेपटीत ९व्या आणि २७व्या अशा दोन्ही लायसिनांभोवती अ‍ॅलॅनिन, आर्जिनिन, लायसिन, सेरिन हाच क्रम येतो, त्यामुळे कच्चे प्रतिपिंड दोघांत गल्लत करते. आम्ही यापूर्वी वापरलेले एक पॉलिक्लोनल (अनेक प्रतिपिंडांचे मिश्रण असलेले) प्रतिपिंड नेमके इथेच फसले होते. पेप्टाइडांच्या (प्रथिनाच्या छोट्या तुकड्यांच्या) डॉट ब्लॉटवर, म्हणजे पटलावर त्यांचे थेंब ठेवून केलेल्या चाचणीत, या प्रतिपिंडाने ९व्या लायसिनवरील अ‍ॅसिटिलकडे जवळजवळ दुर्लक्ष केले, आणि पी३००चा अवरोधक दिलेल्या पेशींत त्याचा संकेत अपेक्षेप्रमाणे घसरला. या दुसऱ्या चाचणीला मी अधिक महत्त्व देतो, कारण ती कृत्रिम पेप्टाइडांवर नव्हे तर प्रत्यक्ष पेशींतील क्रोमॅटिनवर होते. शेजारच्या २८व्या सेरिनवर फॉस्फेट असेल तर प्रतिपिंडाच्या बांधणीत अडथळा येऊ शकतो. विभाजनावस्थेतील पेशी अभ्यासणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

माहितीपत्रकाविषयी मात्र माझी गंभीर तक्रार आहे. डीअ‍ॅसिटिलेज (अ‍ॅसिटिल गट काढणारे विकर) यांचा अवरोधक दिल्यावर अ‍ॅसिटिलीकरण संपूर्ण जीनोमभर वाढते, आणि अशा वेळी नेहमीच्या पद्धतीने दोन नमुन्यांची वाचने (क्रमवाचनातून मिळालेले डीएनएचे तुकडे) समान संख्येवर आणली तर ती वाढच दिसेनाशी होते. फळमाशीसारख्या दुसऱ्या प्रजातीचे क्रोमॅटिन ठरावीक प्रमाणात मिसळून तुलना करणे हा त्यावरचा प्रचलित उपाय आहे, पण पत्रकात त्याचा उल्लेखही नाही. हिस्टोन वेगळे करताना द्रावणात सोडियम ब्युटिरेट हा डीअ‍ॅसिटिलेज अवरोधक घालावा, ही साधी सूचनादेखील त्यात नाही.

निष्कर्ष काढतानाही सावध राहावे. हे चिन्ह (२७व्या लायसिनवरील अ‍ॅसिटिल) सक्रिय एन्हान्सर (जनुकाचे काम वाढवणारे डीएनएचे भाग) आणि प्रवर्तक (जिथून जनुकाचे प्रतिलेखन सुरू होते तो भाग) कुठे आहेत हे चांगले दाखवते, पण तेच जनुकाला चालू करते असे त्यातून सिद्ध होत नाही. उंदराच्या भ्रूणीय मूलपेशींत २७व्या लायसिनवरील अ‍ॅसिटिल जवळजवळ घालवूनही एन्हान्सरांचे काम फारसे बिघडले नाही, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले; पी३०० इतर अनेक लायसिनांवरही काम करतो, हे तेथे विसरून चालत नाही.

जीनोमवर हे चिन्ह असलेल्या जागा शोधण्यासाठी हे प्रतिपिंड मी निःशंकपणे सुचवीन. प्रमाण मोजायचे असेल, तर मिसळण्याचे परके क्रोमॅटिन त्याच्यासोबतच मागवावे, आणि कुपीची तुकडी बदलली की डॉट ब्लॉट पुन्हा करावा.