गांजाच्या आठ फुटी झाडांसाठी घेतलेला जुळणीचा पिंजरा : दोन हंगामांच्या वापरानंतर

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एका रात्री सलग सहा तास पाऊस लागला आणि पहाटे वारा उठला. सकाळी सातला मी मागच्या अंगणात गेले, तेव्हा चार झाडांपैकी सर्वांत मोठे झाड पिंजऱ्यासकट कुंपणावर रेलले होते. पिंजऱ्याच्या तीन उभ्या नळ्यांपैकी दोन जमिनीपासून दीड फुटावर, बरोबर खालच्या जोडापाशी, काटकोनात वाकल्या होत्या आणि तेथली हिरवी प्लॅस्टिकची जोडनळी वरपासून खालपर्यंत चिरली होती. झाडाची एक थोरली फांदी बेचक्यातून फाटून सालीच्या दोन बोटे रुंद पट्टीवर लोंबत होती, आतला ओला पांढरा गाभा उघडा पडला होता आणि चार महिने जपलेल्या झाडाचे तुरे चिखलाला टेकले होते. हा अनुभव मी त्याच दिवशी लिहायला बसणार होते, परंतु तेव्हा त्यात रागाखेरीज काही उतरले नसते. आता त्याच पिंजऱ्यांबरोबर दुसरा हंगामही पार पडला आहे आणि मधल्या काळात माझे मत दोनदा बदलले आहे.

आम्ही कॅनडात, ऑन्टारिओच्या दक्षिण भागात राहतो. येथे १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढांना घरी चार झाडे लावता येतात. ही मर्यादा माणशी नसून घरटी आहे, आणि क्वेबेक प्रांतात तेवढीही मुभा नाही. मूळ विधेयकात झाडाची उंची १०० सेंटिमीटरच्या वर जाऊ नये अशी अट होती, ती २०१७ मध्ये संसदेच्या समितीत वगळली गेली. माझा सगळा प्रश्न त्या वगळलेल्या अटीतून निर्माण झाला आहे, कारण झाडांची संख्या चारवर थांबलेली असली की माणूस प्रत्येक झाड मोठे करू पाहतो, आणि मोकळ्या जमिनीत, पूर्ण उन्हात मे ते ऑक्टोबर वाढलेले झाड आठ फूट सहज होते. भारतात घरी अशी लागवड करणे १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याखाली गुन्हा आहे. तेथील वाचकांना यातला आधाराचा भाग टोमॅटो किंवा कारल्यासाठी मात्र नक्की उपयोगी पडेल.

पिंजरा बहुतेकांनी पाहिलेला असेल. प्लॅस्टिकचे आवरण असलेल्या पोकळ पोलादी नळ्या, दोन-दोन फुटांचे तीन तुकडे जोडून होणारी सहा फूट उंची आणि हव्या त्या उंचीवर खटकन बसणारे आडवे हात अशी त्याची रचना आहे. चार पिंजऱ्यांचा संच मला करासह ७२ डॉलरला पडला. खोक्यावर ‘मोठ्या फळझाडांसाठी व फुलझाडांसाठी’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते आणि दोन वर्षांची हमी होती.

पहिले दोन महिने मी या पिंजऱ्यावर बेहद्द खूश होते. येथे व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीनंतर, म्हणजे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, रोपे बाहेर लावण्याची रीत आहे, कारण त्यानंतर दहिवराची, म्हणजे गोठलेल्या दवाची, धास्ती जवळपास संपते. रोपे गुडघ्याएवढी झाल्यावर मी त्यांचे शेंडे खुडले आणि फुटलेल्या फांद्या एकेक करून आडव्या हातांवर बाहेरच्या बाजूला टेकवल्या. हे हात अतिशय विचारपूर्वक बनवलेले आहेत. त्यांची टोके गोल आहेत, ती खोडाला घासत नाहीत, झाड वाढेल तसा हात एका बोटाने वर सरकवता येतो आणि दोरीची एकही गाठ न मारता फांदी जागेवर राहते. जुलैच्या अखेरीस मी शेजारणीला हाच संच घ्यायला सांगितले होते, आणि त्या सल्ल्याबद्दल मला नंतर तिच्या दारात जाऊन दिलगिरी व्यक्त करावी लागली.

ऑगस्टच्या सुरुवातीला येथील दिवस साडेचौदा तासांच्या खाली येऊ लागला की झाड फुलोऱ्याकडे वळते आणि त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत झपाट्याने उंच होते. माझी साडेचार-पाच फुटांची झाडे बघता बघता साडेसात-आठ फुटांवर गेली. पिंजऱ्याचे वरचे टोक पाच फुटांच्या थोडे वर, कारण खालचे आठ इंच जमिनीत. म्हणजे वरचे तीन फूट झाड निराधार. पिंजरा हाताने हलवून पाहिला तेव्हा उभी नळी सरळ राहायची आणि जोडापाशी मात्र किंचित कलायची. तो जोड म्हणजे चार इंचांची प्लॅस्टिकची नळी, तिच्यात दोन्हीकडून दोन-दोन इंच पोलादी नळी घुसवलेली. मी ते पाहिले होते, बोटाने चाचपलेही होते, आणि तरीही एवढ्या पोलादाच्या नळ्यांमध्ये हा छोटासा तुकडा काय बिघडवणार असे समजून सोडून दिले.

वास्तविक सगळा भार त्याच तुकड्यावर येत होता. गांजाच्या झाडाचे वजन टोमॅटोसारखे बुंध्याजवळ घडाघडाने लटकत नाही. फांद्यांच्या टोकांवर दाट, चिकट तुरे धरतात आणि ते स्पंजासारखे पाणी धरून ठेवतात. त्या सकाळी तुटून पडलेला एक हातभर लांबीचा तुरा मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, तो ३४० ग्रॅम भरला. झटकून, दिवसभर पंख्याखाली ठेवून पुन्हा तोलला, तेव्हा २२५ ग्रॅम. असे वीस तुरे धरले तर एका रात्रीत झाडाच्या माथ्यावर सव्वादोन किलोहून अधिक पाणी चढले होते. हे ओझे सहा-सात फुटांवर आणि ढिला जोड दीड फुटावर. वाऱ्याचा प्रत्येक हेलकावा त्या जोडावर लांब पहारीसारखा जोर लावत होता. त्यात उन्हाळाभर ऊन खाऊन प्लॅस्टिक ठिसूळ झालेले. चिरलेल्या नळीची कड नखाने दाबली की तिचा बारीक टवका उडत होता.

मी कंपनीकडे छायाचित्रांसह तक्रार पाठवली. पहिल्या उत्तरात त्यांनी झाडासकट पिंजऱ्याचे छायाचित्र मागितले, दुसऱ्यात ‘या प्रकारच्या झाडासाठी वापर अपेक्षित नाही’ असे कळवले. येथे माझा संयम सुटला. झाड या देशात कायदेशीर आहे, खोक्यावर मोठी फुलझाडे असे शब्द आहेत आणि कोणती झाडे वर्ज्य आहेत याचा खोक्यावर वा माहितीपत्रकात कोठेही उल्लेख नाही, हे मी तीन पत्रांत, प्रत्येक वेळी खोक्याचा फोटो जोडून, लिहिले. पाचव्या आठवड्यात एक पाकीट आले. त्यात चार नव्या जोडनळ्या होत्या, त्याच हिरव्या रंगाच्या, त्याच जाडीच्या. पैसे परत मिळाले नाहीत. वरचे दोन फुटांचे तुकडे वेगळे न देता एकसंध नळी दिली असती, किंवा जोडाच्या आत पाच इंचांची सळई घातली असती, तर उत्पादकाला फार मोठा खर्च आला नसता, असे मला आजही मनापासून वाटते.

फाटलेली फांदी वाचली, हे येथे नोंदवायला हवे. बेचक्यातली जखम ओल्या फडक्याने पुसून मी फांदी उचलून जागेवर बसवली, जुन्या सुती पंच्याच्या पट्ट्यांनी घट्ट गुंडाळली, वरून चिकटपट्टी मारली आणि खालून बांबूचा टेकू दिला. दोन दिवस पाने मलूल होती, तिसऱ्या दिवशी सावरली. दहा-बारा दिवसांनी पट्टी सोडली, तेव्हा तेथे सुपारीएवढी कठीण गाठ तयार झाली होती. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात इतर फांद्यांबरोबर तिचीही काढणी झाली.

माझा धाकटा भाऊ जुन्नर तालुक्यात टोमॅटो करतो. झाड कशाचे आहे हे ऐकून तो प्रथम गप्प झाला, परंतु व्हिडिओवर मोडलेला पिंजरा दिसताच त्याच्यातला शेतकरी जागा झाला. ‘ताई, काठ्या सरळ उभ्या केल्यास गं, पण ताण कुठंय? ताण नसला की डांब नुसता शोभेला. वाऱ्याच्या अंगाला दोन ताण द्यायला सांग दाजींना,’ असे तो म्हणाला. लहानपणी वडिलांच्या हाताखाली मीही टोमॅटोची बांधणी केलेली आहे. सरीवर डांब रोवायचे, त्यावर १६ गेजची तार ओढायची, सुतळीने झाड तारेला सैलसर बांधायचे आणि ओळीच्या दोन्ही टोकांच्या डांबांना बाहेरून तिरपा ताण, म्हणजे ओढून धरणारी तार, देऊन तो खुंटीला आवळायचा, हे सारे मला तोंडपाठ होते. तयार वस्तू विकत घेतली म्हणून त्याची आठवण झाली नाही, एवढेच.

दुसऱ्या हंगामात दोन मोठ्या झाडांसाठी मी काँक्रीटच्या फरशीत घालतात ती लोखंडी वेल्डेड जाळी आणली. तिची घरे सहा इंची असतात, त्यामुळे हात आत घालून काम करता येते. कोंबड्यांच्या खुराड्याची बारीक जाळी यासाठी निरुपयोगी आहे. तक्ता ५ फूट रुंद आणि १० फूट लांब असतो. एकच तक्ता गोल वाकवला तर जेमतेम सव्वातीन फूट व्यास मिळतो आणि तेवढ्यात झाड गुदमरते. म्हणून तिसरा तक्ता मधोमध कापून मी प्रत्येक झाडाला दीड तक्ता लावला, म्हणजे व्यास पावणेपाच फुटांवर गेला. प्रत्येक गोलाला बाहेरून तीन लोखंडी कुंपणखांब दोन फूट खोल ठोकले आणि वाऱ्याच्या, म्हणजे आमच्याकडे पश्चिमेच्या, बाजूला दोन ताण दिले. तीन तक्ते आणि सहा खांब मिळून खर्च १२० डॉलरच्या आसपास आला. रक्कम ७२ पेक्षा मोठी आहे. मात्र हे लोखंड पुढची दहा वर्षे गंजत गंजतही उभे राहील.

ही जाळी झाड गुडघ्याएवढे असतानाच बसवावी लागते. फांद्या आपल्या आपण घरांतून बाहेर पडतात आणि प्रत्येक फांदीला दोन-तीन ठिकाणी टेकण मिळते. वाढलेले झाड नंतर जाळीत कोंबू गेल्यास बेचके तिथेच फाटते. वरच्या तीन फुटांसाठी मी खांबांना बांबू बांधून उंची वाढवली आणि पंच्याच्या पट्ट्या इंग्रजी आठच्या आकारात सैल बांधल्या. वाऱ्याने थोडे हलणारे खोड जाड होते. आवळून बांधलेले खोड बारीकच राहते आणि सुतळी सालीत रुतते.

जूनमध्ये मला या जाळीचा मनस्वी कंटाळा आला होता. कापलेल्या तारांच्या टोकांनी दोन्ही हात ओरबाडले गेले, गवत काढायला आत पोहोचता येईना, आणि अंगण बांधकामाच्या जागेसारखे दिसू लागले. सप्टेंबरमध्ये दोन जोरदार पाऊस आणि एक वाऱ्याची रात्र झाली. प्रत्येक वेळी सकाळी बाहेर गेले तेव्हा झाडे पाण्याने वाकलेली परंतु जागेवर होती, एकही बेचके फाटले नव्हते. अशा एका सकाळी झाडाखाली उभी राहून मी किती वेळ नुसती वर पाहत होते, हे मला सांगता येणार नाही.

तरीही जाळीला मी पूर्ण गुण देत नाही. तिने इतक्या फांद्या उभ्या धरून ठेवल्या की झाडाच्या पोटात हवा खेळेनाशी झाली. २ ऑक्टोबरला मला एका जाड तुऱ्यातून डोकावणारे एकच छोटे पान अचानक पिवळट-तपकिरी झालेले दिसले. ते चिमटीत धरताच विनासायास निघून आले आणि मुळाशी राखाडी केसाळ थर होता. द्राक्षाच्या घडांना सडवणारी बोट्रायटिस बुरशी ती हीच. असे पान दिसले की तुरा उकलून पाहावा आणि सडक्या भागाच्या खाली चार बोटे कापून तो भाग बागेबाहेर न्यावा. मी एकंदर अकरा तुरे गमावले. पिंजऱ्यातल्या दोन लहान झाडांना, फांद्या मोकळ्या पसरलेल्या असल्याने, ती बाधा फारशी झाली नाही. पुढच्या खेपेस फुलोरा धरण्यापूर्वी आतली पाने आणि बारीक फुटवे काढून टाकायचे आणि पावसानंतर सकाळी प्रत्येक खांब धरून झाड हलक्या हाताने झटकायचे, असे मी वहीत लिहून ठेवले आहे.

पिंजऱ्याविषयीचे माझे मत दुसऱ्यांदा बदलले ते याच दोन लहान झाडांमुळे. त्यांच्यासाठी मी वरचा तुकडा काढून उंची चार फुटांवर आणली आणि राहिलेल्या जोडात, नळीच्या पोकळीत, सहा मिलिमीटर जाडीची फूटभर सळई कापड गुंडाळून घट्ट बसवली. त्यानंतर तो जोड तसूभरही कललेला नाही. झाडेही मी शेंडे दोनदा खुडून पाच फुटांच्या आत ठेवली होती. टोमॅटो, वांगी, मिरची आणि बुटकी ठेवलेली गांजाची झाडे यांच्यासाठी हा पिंजरा या दुरुस्तीनंतर उत्तम चालतो. सहा फूट उंचीसाठी, जसा खोक्यातून निघतो तसा, तो कोणीही घेऊ नये.

माझ्याकडून पाचपैकी दोन गुण. दोन्ही गुण आडव्या हातांना आहेत, जोडनळीला शून्य. कंपनीने पाठवलेल्या चार नव्या नळ्या पाकिटातच पडून आहेत.